माझा अनुभव : पॉइंट टू-टूचा लॉट निवडताना

मोठ्या बोअरवाले, म्हणजे रुंद नळीच्या रायफलीचे नेमबाज, सुखी असतात. काडतुसाची रिकामी केस (पितळी नळकांडी) परत वापरायची, बंदुकीची दारू स्वतः तोलायची, गोळी स्वतःच्या हातानं बसवायची. वेगात फरक पडला तर दोष कुठे शोधायचा हे त्यांना ठाऊक असतं. पॉइंट टू-टूवाल्याला, म्हणजे ०.२२ इंची छोट्या काडतुसाच्या रायफलवाल्याला, ही सोय नाही. आमच्या काडतुसात पेटवायचा मसाला बुडाच्या कडेत, आतल्या बाजूनं गोल पसरलेला असतो. फायरिंग पिन ती कड चेपते, आणि चेपलेली केस भंगारात जाते. कारखान्यानं दिलं तेच मारायचं. आपल्या हातात एकच गोष्ट उरते : त्यातल्या त्यात आपल्या नळीला मानवेल असा लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेला काडतुसांचा साठा, शोधणं.

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या नोकरीमुळे जर्मनीत माग्डेबुर्गला. इथल्या शूटिंग क्लबात वर्षभर नियमित हजेरी लावली, परीक्षा दिली, तेव्हा कुठे शस्त्राचा परवाना मिळाला आणि एक जुनी अन्शुट्झ रायफल घेतली. गावाकडे आता ५० मीटर रायफल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) जागतिक सुवर्ण घेतलं तेव्हा पेपरात वाचून सोडून देणारे मित्र, २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं ऑलिम्पिकचं ब्राँझ आणल्यापासून मला फोनवर विचारतात, "काय भावा, किती टेन लागले?" लॉट टेस्टिंगबद्दल मात्र कुणी विचारत नाही, म्हणून लिहितोय.

दुखणं सुरू झालं ते प्रोनमध्ये. श्वास, पट्टा, गाल, ट्रिगर सगळं जागच्या जागी आणि तरी मधूनच एखादी गोळी सरळ खाली, सहा वाजता (घड्याळातल्या सहाच्या जागी), ९.९ गुण, टेनचं मधलं वर्तुळ थोडक्यात हुकलेलं. वाऱ्यानं गेली असती तर आडवी गेली असती. सरळ खाली म्हणजे वेगाचा संशय.

हिशेब साधा आहे. मॅच गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. नळीतून ती साधारण १०५० ते १०८० फूट प्रति सेकंदानं निघते, आवाजाच्या वेगाच्या मुद्दाम थोडी खाली. तो वेग ओलांडून वाटेत परत खाली उतरणारी गोळी डळमळते, म्हणून मॅचमध्ये 'हाय व्हेलॉसिटी' कुणी मारत नाही. ५० मीटर जायला तिला ०.१६ सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती १२ सेंटिमीटरहून थोडी जास्त खाली येते. त्यातून असं निघतं की वेग सेकंदाला १० फुटांनी कमी झाला तर गोळी सव्वादोन मिलिमीटर खाली लागते. आमच्या टार्गेटवर एक दशांश गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. म्हणजे त्या १० फुटांची किंमत जवळजवळ ०.३ गुण. एका पाकिटात सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद गोळीत ३० फुटांचा फरक असेल तर उभा पसारा ७ मिलिमीटर, आणि तो नेमबाजाचा हात अजिबात हलला नाही असं धरून. टेनचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं.

क्लबातल्या एकानं रडारचा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) घेतला आहे. नळीच्या बाजूला ठेवायचा, रायफलीला स्पर्श नाही, त्यामुळे नळीची थरथर बदलत नाही. (नळीला बांधायचे प्रकारही मिळतात; वेग बरोबर दाखवतात, पण वेग आणि ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पसारा) एकाच वेळी बघायचा असेल तर त्यांचा उपयोग नाही.) एका ब्रँडच्या डब्यावर वेग छापलेलाच असतो, मग मोजायचं कशाला, असं काही जण म्हणतात. पण तो कारखान्यातल्या नळीतला सरासरी वेग. माझ्या नळीत आकडा वेगळा येतो, आणि मला सरासरी नकोच आहे, गोळ्यागोळ्यांतला फरक हवा आहे.

कपाटात होते ते लॉट एकेक करून मारले. प्रत्येकाच्या दहा गोळ्या. एकाचं वेगाचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीभोवतीचा पसारा) ६ फूट आलं, दुसऱ्याचं ११. माझा निकाल लागलाच होता. तेवढ्यात क्लबातले एक आजोबा, निवृत्त यंत्र अभियंता, मागे उभे राहून म्हणाले, "दहांवरून काही ठरवू नका. पन्नास मारा." दहा गोळ्यांवरून ६ आला तर खरा आकडा ४ ते ११ यांत कुठेही असू शकतो, हे मी कॉलेजात संख्याशास्त्रात शिकलो होतो, रेंजवर मात्र कुणाला आठवतं? पन्नास मारल्यावर दोन्ही लॉट ८-९ च्या आसपास येऊन बसले. कमाल-किमान फरकाची तर गंमतच, जितक्या जास्त गोळ्या माराल तितका तो वाढतच जातो. त्यामुळे "माझ्या लॉटचा फरक फक्त १८ फूट" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, किती गोळ्यांत?

मोजताना दोन पथ्यं पाळली. लॉट किंवा ब्रँड बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण शिशाच्या गोळीवरचं मेण वेगळं असतं आणि नळीला त्याची सवय व्हावी लागते. आणि हिवाळ्यात डबे रात्रभर गाडीत ठेवायचे नाहीत. गार दारू मंद जळते, सगळा ग्रुपच खाली सरकतो, आणि गोळ्या हळूहळू ऊब धरतात तसा वर चढत राहतो.

लापुआ या काडतूस कंपनीचा पॉइंट टू-टूचा कारखाना एल्बेकाठी शोनेबेकला आहे, माझ्या घरापासून पंधराएक किलोमीटरवर. तिथे स्वतःची रायफल घेऊन गेलं की वेगवेगळे लॉट तपासून मिळतात. ब्रिटनमध्ये एली कंपनीचीही अशी सोय आहे. वेळ आधी ठरवावी लागते. रायफल रिकामी, कुलूपबंद पेटीत न्यायची, हा इथला कायदा.

तिथे आपण खांद्याला लावून मारायचंच नसतं. स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू काढतात आणि नळी-अॅक्शन (नळी आणि बोल्ट-ट्रिगरचा भाग) तेवढी एका जड शिकंज्यात आवळतात. माझी रायफल अशी उघडी पाहून जरा कसंसंच झालं. बोल्टच्या मागे बसलेला माणूस अगदी एका लयीत गोळी घालतो, बोल्ट लावतो, ट्रिगर दाबतो. गोळी ५० मीटरवरून आरपार पुढे १०० वर जाते आणि दोन्हीकडचे ठिपके स्क्रीनवर एकदमच उमटतात. दहा गोळ्या झाल्या की ग्रुपचं माप आणि पुढचा लॉट. सेंटर-एक्स, मिडास प्लस, एक्स-अॅक्ट हे लापुआचे प्रकार, चढत्या किमतीनं सगळं मारून पाहिलं. महाग डब्याचा एक लॉट माझ्या नळीत २२ मिलिमीटर पसरला, आणि त्याहून स्वस्त मिडासचा एक १५ मध्ये बसला, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून. जे दोन लॉट शेवटी उरले त्यांचे ग्रुप पुन्हा पुन्हा मारून घेतले.

दोन्हीची एकेक ब्रिक (काडतुसांच्या पाकिटांचा गठ्ठा) घेऊन परत क्लबात रडारसमोर बसलो. ५० मीटरवर पहिला आलेला लॉट वेगात दुसऱ्यापेक्षा ढिसाळ निघाला. त्याचं डेव्हिएशन १० च्या पुढे, दुसऱ्याचं ७ च्या आत. आधी वाटलं रडारच चुकतंय. मग शोनेबेकचे १०० मीटरचे ठिपके काढून पाहिले. ५० वर नेटका गोल ग्रुप देणारा लॉट १०० वर उभा ताणला गेला होता. दुसरा दोन्ही अंतरांवर जवळजवळ गोलच.

याचा अर्थ आजोबांनी रायफलीकडे बोट दाखवून सांगितला. गोळी सुटताना नळी थरथरते. टोक वर चढत असतानाच गोळी बाहेर पडत असेल तर मंद गोळी किंचित उशिरा, म्हणजे किंचित वरच्या कोनातून निघते, आणि तिची घसरण त्यातून भरून निघते. माझ्या नळीत हा मेळ ५० मीटरला नेमका बसतो. १०० वर तेवढ्याच वेगाच्या फरकानं घसरण चौपटीहून जास्त होते, ती काही नळी भरून काढू शकत नाही. वेग मोजून फक्त वेग कळतो. शिसं समतोल आहे का, चेंबरमध्ये कसं बसतं, नळी कशी थरथरते, यातलं काहीच त्या आकड्यात येत नाही.

आजोबा स्वतः १०० मीटरची स्पर्धा खेळतात. त्यांनी विनासंकोच दुसरा लॉट उचलला असता. मी ५०च खेळतो, म्हणून वेगात ढिसाळ असलेलाच लॉट घेतला, पेटीभर, ५००० गोळ्या. त्याच लॉटच्या थोड्या कोल्हापूरला नेऊन मित्रांना दाखवाव्यात असा विचार आला होता, पण विमानात माणशी पाचच किलो काडतुसं चालतात, शिवाय दोन्ही देशांचे परवाने. ते राहू दिलं.

प्रोनमधली सहा वाजताची गोळी अजून येते, पण क्वचित, आणि आली की आता मी ट्रिगरकडे बघतो. पेटी मॅचसाठी आणि प्रोन-नीलिंगच्या (झोपून आणि गुडघ्यावर बसून मारायच्या) सरावासाठी ठेवली आहे. उभ्यानं मारताना माझीच नळी एवढी फिरते की वेगातले दहा फूट कुठल्या कुठे बुडतात, तिथे त्याच कारखान्याचं स्वस्तातलं एसके काडतूस चालतं.