साठीनंतरचा पत्ता

येत्या मार्चअखेर मी सूतगिरणीच्या हिशेब खात्यातून निवृत्त होत आहे, आणि त्यानंतर आम्ही दोघांनी सोलापुरातच राहायचे की मुलाच्या आग्रहाप्रमाणे पुण्याला जायचे, हा विषय गेले सहा महिने रोज रात्री जेवणाच्या वेळी निघतो. उभा जन्म दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवण्यात गेला असल्यामुळे आपलाही एकदा वहीत मांडावा, असे ठरवले.

आधी सवलतींचे पान लिहिले आणि त्याचा गावाशी फारसा संबंध नाही हे लगेच ध्यानात आले. एसटीचे अर्धे तिकीट मला 65 व्या वर्षापासून मिळेल आणि 75 पूर्ण झाल्यावर, ऑगस्ट 2022 पासूनच्या योजनेप्रमाणे, प्रवास मोफत होईल. पण हे राज्यभर सारखेच आहे. (सौ.ला मार्च 2023 पासूनच अर्धे तिकीट लागते, त्यामुळे तुळजापूरला जाताना ‘एक फुल, एक हाफ’ असे ती कंडक्टरला जरा मोठ्यानेच सांगते.) रेल्वेतील ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 मध्ये गेली ती गेलीच. आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचे पाच लाखांचे संरक्षण उत्पन्नाची अट न घालता मिळते खरे, परंतु 70 पूर्ण झाल्यावर. तोवरची दहा वर्षे आरोग्यविम्याचा हप्ता आपल्याच खिशातून जाणार, आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये रद्द झाला एवढाच काय तो दिलासा.

जमेची बाजू लहान आहे. ईपीएसचे, म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे, निवृत्तिवेतन महिन्याला 4,600 रुपये. फंड आणि ग्रॅच्युइटीतून 20 लाख रुपये पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 41,000 रुपये व्याज येईल आणि हा दर पाच वर्षे बदलणार नाही. दोन्ही मिळून महिन्याला अठरा हजारांच्या थोडे वर जाते. मुलाच्या सोसायटीत दोन खोल्यांचे भाडे 22,000 सांगतात, म्हणजे तिथे स्वतंत्र राहण्याचा विचार पहिल्याच ओळीत संपतो. त्याच्याकडेच राहावे, तर सून मनाने मोठी आहे. पण दर महिन्याला औषधांसाठी मुलाकडे हात पसरणे मला जमणार नाही.

सोलापुरात याच पैशांत घर चालते. साखर पेठेतले घर स्वतःचे आहे, भाजी पायी जाऊन आणता येते, आणि ज्वारीची कडक भाकरी व शेंगाचटणी डब्यात असली की एखाद्या वेळी चूल पेटली नाही तरी अडत नाही. मे महिन्यात पारा 43 च्या पुढे जातो तेव्हा कूलरचे वीजबिल वाढते, तेही मी धरले आहे.

वहीत न मावणारी बाब पाण्याची आहे. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येते, आणि पाळी असली की पहाटे तीनच्या सुमारास नळ आधी नुसता फुसफुसतो, मग गढूळ पाणी येते, ते वाहून गेल्यावर पिंपे लावायची. घर पहिल्या मजल्यावर. मोटरने पाणी वर चढले नाही तर चौदा पायऱ्या बादली घेऊन चढायच्या. गेल्या पाळीला सौ. सातव्या पायरीवर बादली टेकवून बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. माझा गुडघाही आता कुरकुरतो. सत्तरीत हे कोण करणार, याचे उत्तर कोणत्याही व्याजदरात नाही.

म्हणून गाव न बदलता घर बदलावे, या मतावर मी आलो आहे. जुने घर महिना 6,000 रुपये भाड्याने जाईल. शहरातल्याच जुळे सोलापूर भागात तळमजल्यावरच्या, जमिनीखाली मोठा हौद असलेल्या दोन खोल्यांना 9,000 भाडे मागतात. वरचे 3,000 मी पाण्याच्या नावाने टाकले. मुलाला भेटायचे तर सकाळची वंदे भारत साधारण सव्वातीन तासांत पुण्याला पोहोचवते. तिचे भाडे परवडले नाही तर हुतात्मा एक्सप्रेस आहेच.

रविवारी ते घर पाहून आलो. मी अनामत रकमेबद्दल बोलत होतो, तेवढ्यात सौ.ने मालकांना पाण्याची पाळी दिवसा असते की रात्री, हे विचारले. दिवसा, असे ते म्हणाले. तरीही पुढच्या पाळीला आम्ही दोघे तिथे जाऊन, हौदाचे झाकण उघडून पाहणार आहोत.