तिरफळाचं शॉर्टब्रेड

“मला काही आणू नकोस,” मावशीने नोव्हेंबरातच फोनवर बजावलं. “कपाटात आता माझ्याच साड्यांना जागा नाही. आणि लोकर तर अजिबात नको.”

लोकरीचं दुखणं जुनं आहे. एडिंबराला राहायला गेल्यावर पहिल्याच सुट्टीत मी तिच्यासाठी अस्सल स्कॉटिश लोकरीची शाल घेऊन आले होते. गिरगावात, जिथे थंडी पडली म्हणजे पंखा पाचवरून तीनवर करतात. ती शाल गेली नऊ वर्षं हार्मोनियमवर पांघरलेली आहे. त्यानंतर मी शहाणी झाले आणि विमानतळावर मिळणारे शॉर्टब्रेड बिस्किटांचे चौकड्यांच्या नक्षीचे डबे आणायला लागले. मावशीने पहिला तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ घोळवला आणि निकाल दिला, “चांगली आहे. लोण्याची नानखटाई.”

मी गप्प बसले, कारण उत्तर नव्हतं. खरंच थोडीफार तशीच लागते.

या डिसेंबरात मावशीला ७५ पूर्ण होणार होती. खाऊन संपेल आणि नानखटाई म्हणून निकालात निघणार नाही, असं काहीतरी न्यायचं होतं. मग ठरवलं, डबा विकत घ्यायचाच नाही. मुंबईत गेल्यावर दादरला आईच्या ओट्यावर आपल्या हाताने शॉर्टब्रेड करायचं.

मला ते शिकवलं आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींनी. एडिंबराच्या जुन्या दगडी इमारतींना सगळ्यांचा मिळून एक जिना असतो आणि तो धुण्याच्या पाळ्या असतात. पाळी चुकवली की दारावर चिठ्ठी लागते. चाळीत वाढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही, मी तर पहिल्याच आठवड्यात रुळले. आजींकडे पाककृतीची वही नाही. “एक, दोन, तीन,” एवढंच त्या सांगतात. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ, वर चिमूट मीठ. अंडं नाही, सोडा नाही. तीन भागांतलं थोडं पीठ कमी करून तेवढं तांदळाचं पीठ किंवा रवा घालायचा, म्हणजे दाताखाली कुरकुर येते. आच मंद. रंग जेमतेम फिका सोनेरी. तांबूस झालं तर आजी तो तुकडा चहाबरोबर स्वतः खातात, पाहुण्याला देत नाहीत.

नावातल्या ‘शॉर्ट’चा अर्थ मी बरीच वर्षं आखूड असा लावत होते. मग कळलं, जुन्या इंग्रजीत पदार्थाच्या बाबतीत ‘शॉर्ट’ म्हणजे ठिसूळ, खुसखुशीत. लोणी पिठाच्या कणाकणाला लागलं की पाण्याला आत शिरायला वाव राहत नाही, आणि ज्या चिकटपणामुळे पोळी ताणली जाते तो धागाच धरत नाही. मला हे आजी समजावत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे आई करंजीच्या पिठात कडकडीत मोहन घालत होती. तेच की! मोहन कमी तर करंजी वातड, जास्त तर तळणीत फुटते. त्यांना ‘मोहन’ हा शब्द मी शिकवला. त्या ‘मोअन’ म्हणतात.

स्कॉटलंडमध्ये शॉर्टब्रेडचा खरा दिवस नाताळ नव्हे, ३१ डिसेंबर. त्या रात्रीला तिथे हॉगमनी म्हणतात. नाताळची सार्वजनिक सुट्टी स्कॉटलंडमध्ये १९५८ साली सुरू झाली, तोवर थाटमाट सगळा वर्षाच्या शेवटच्या रात्रीचा. बाराचे ठोके पडल्यावर घराचा उंबरठा पहिल्यांदा जो ओलांडेल त्याच्यावर घराचं वर्ष ठरतं. तो काळ्या केसांचा पुरुष असेल तर शुभ. पिंगट केसांचा परका माणूस दारात म्हणजे पूर्वी समुद्रावरून आलेला लुटारू असायचा, असं कारण देतात. येणाऱ्याने रिकाम्या हाताने यायचं नाही: कोळशाचा तुकडा, मीठ, व्हिस्की, शॉर्टब्रेड, यातलं काहीतरी हातात हवं. आमच्या जिन्यात भरघोस काळ्या केसांचा एकच पुरुष आहे, माझा नवरा. सासरी त्याला कधी एवढा मान मिळाला नाही. ३१च्या रात्री त्याला चार मजल्यांची आमंत्रणं असतात आणि दुसऱ्या दिवशी तो दुपारी उठतो.

तर स्वाद. जुन्या पद्धतीच्या शॉर्टब्रेडमध्ये शहाजिऱ्याच्या जातीचं एक बी घालत. शेटलंड बेटांवर तर असं शॉर्टब्रेड नववधू घरात शिरताना तिच्या डोक्यावर मोडायची रीत होती. हे ऐकलं तेव्हा मी आजींना आपला ओवाळून टाकायचा भाकरतुकडा सांगितला. आम्ही दोघी बराच वेळ हसत होतो, की जगभर नवरीच्या डोक्याशी हे खाण्याचं काय चाललेलं असतं. पण डोक्यात एक किडा शिरला. जिऱ्याचा भाऊबंद चालतो, तर तिरफळ का नाही?

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी: तिरफळ हे मिरीपेक्षा जरा मोठं, वाळल्यावर तोंड उघडणारं फळ. आत काळी चकचकीत बी. वासाला लिंबाच्या सालीसारखं, त्यात थोडं लाकूड, थोडी मिरी, आणि चावलं तर जिभेला मुंग्या. चिनी स्वयंपाकातली सिचुआन मिरी याच कुळातली. आमच्याकडे बांगड्याच्या आमटीत तिरफळ नसेल तर ती आमटी म्हणायची नाही, नुसता रस्सा. मावशी वेंगुर्ल्याची. माझ्या लहानपणी शनिवारच्या अर्ध्या शाळेनंतर तिच्याकडे गेलं की जिन्यातच तो वास यायचा.

लालबागच्या मसाला गल्लीत गेले. मिरची कुटण्याच्या आवाजात ओरडून तिरफळं मागितली. दुकानदाराने पुडी बांधत विचारलं, “मासळीची ना?”

“नाही, बिस्किटांची.”

त्याने पुडी दिली आणि सुट्टे पैसे दोनदा मोजले. माझ्या डोक्यावरचा नसला तरी निदान हिशेबावरचा त्याचा विश्वास उडाला असावा.

माझ्या मनात खरं तर गल्लीतल्या बेकरीत भाजून घ्यायचं होतं. तुमच्यातल्या नव्वदीच्या आधीच्यांना आठवत असेल, दिवाळीआधी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घालून बेकरीत न्यायचं, रांग लावायची, पत्र्याचे ट्रे भरायचे, आणि आपला ट्रे कुठला हे विसरू नये म्हणून नानखटाईवर एखादी खूण करायची. आमची खूण चारोळी. शेजारच्यांची बदाम, कारण ते शेजारचे. लाकडाच्या भट्टीतून आलेल्या त्या नानखटाईला बुडाशी जो धुरकट वास असे तो घरात येत नाही. पण २०२५च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनावर यायला सहा महिन्यांची मुदत दिली. आमच्या बेकरीवाल्याने नवी भट्टी दाखवली. “अब बटन है, मॅडम. बाहर का माल नहीं लेते.” मुंबईची हवा बघता तक्रार करायला तोंड नाही. हळहळ वाटली एवढंच.

राहिला आईचा ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, ज्यात ती टोस्टर, जुनी बिलं आणि एक खलबत्ता ठेवते.

“तिरफळं? गोडात?” आई म्हणाली आणि बँकेत निघून गेली, म्हणजे साक्षीदार नको.

पहिला घाणा मी सरळसोट बिघडवला. तिरफळं बियांसकट मिक्सरमध्ये फिरवली. बी कितीही दळा, दाताखाली रेतीच लागते. वर पूड घातली दोन चमचे. आई बँकेतून आली, एक तुकडा खाल्ला आणि हनुवटी धरून बसली. “दाढ काढायला इंजेक्शन देतात ना, तसं झालंय.” नवऱ्याने मात्र चार खाल्ली. त्याचं मत मी विचारत नाही.

मग आईनेच सुचवलं. आमटीत आपण तिरफळ दळतो का? नाही. बी काढून, जरा ठेचून टाकतो, आणि खाताना ताटाच्या कडेला काढून ठेवतो. काम वासाचं असतं आणि तो नारळाच्या स्निग्धपणात उतरतो. तसाच लोण्यात उतरेल. इतकी वर्षं घरात चालत आलेली गोष्ट मला सुचली नव्हती. दोघी वर्तमानपत्र पसरून बिया काढायला बसलो. टिळकांच्या गोष्टीत टरफलं उचलायला नकार आहे. इथे टरफलंच ठेवायची आणि आतलं टाकून द्यायचं.

दुसरा घाणा. लोणी वितळायला ठेवलं, त्यात ठेचलेली टरफलं घातली आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. परत येते तर लोणी तडतडून शांत झालेलं, तळाशी बेरी, घरभर सुगंध. लोण्यातलं पाणी उडालं होतं. म्हणजे मी तूप कढवलं होतं! तेच गार करून वापरलं. भाजल्यावर वरून तडे गेले, हातात घेताच भुगा, तोंडात विरघळणारी. शॉर्टब्रेड करायला बसले आणि नानखटाई झाली. आईने ती आवडीने खाल्ली आणि मला मावशीचा जुना निकाल आठवला: “चांगली आहे. लोण्याची.”

तिसऱ्या वेळी घड्याळ लावून बसले. बिनमिठाचं लोणी २०० ग्रॅम अगदी मंद आचेवर नुसतं वितळेपर्यंत, त्यात वीसेक टरफलं, गॅस बंद, वर अर्धा तास झाकण. मग गाळून फ्रिजमध्ये, आणि घट्ट होईपर्यंत मधूनमधून ढवळलं. त्यात १०० ग्रॅम बारीक साखर फेसली, एका लिंबाची किसलेली साल (पांढरं येऊ न देता, ते कडू), चिमूट मीठ, मग २५० ग्रॅम मैदा आणि ५० ग्रॅम तांदळाचं पीठ. मळायचं नाही, फक्त गोळा होईल इतकं दाबायचं. दादरच्या डिसेंबरात दुपारी तीस-बत्तीस अंश असतात. एडिंबराला जे पीठ ओट्यावर तासभर शहाण्यासारखं बसतं, ते इथे पाच मिनिटांत चिखल होतं. म्हणून ट्रेमध्ये थापून पुन्हा अर्धा तास फ्रिज. काट्याने टोचे मारले, वाफ निघून जायला. वड्यांसारख्या रेघा आधीच पाडल्या. १५० अंशांवर पाऊण तास. ओटीजीचा खालचा दांडा फार तापतो, म्हणून ट्रेखाली दुसरा ट्रे. बाहेर काढल्यावर गरम असतानाच त्याच रेघांवर सुरी फिरवली, गार झाल्यावर कापायला गेलं तर तुकडे होतात.

आई खाऊन काही बोलली नाही. दुसरा उचलला. मग म्हणाली, “शेवटी येतं ते. आधी काहीच नाही, आणि गिळल्यावर येतं.”

वाढदिवसाला डबा मांडीवर घेऊन मेट्रोने गेले. दादरहून गिरगाव, जमिनीखालून, गारेगार. बिस्किटांना घाम सुटला नाही. गिरगावात जमिनीतून वर येणं मला अजून पचत नाही. माझं गिरगाव चर्नी रोडच्या पुलावरून चालत जायचं आहे.

मावशीकडे गॅलरीभर चपला होत्या. तिने डबा घेतला, झाकण उघडलं, नाकाशी नेला आणि थांबली. पुन्हा वास घेतला. घरात पंधरा माणसं असताना मोठ्याने विचारलं,

“आणि बांगडो खंय गो?”

सगळे हसले. तिने एक तुकडा खाल्ला, पण तोंडाने काही म्हणाली नाही. शेवटी, “बिया काढल्यास?”

“काढल्या.”

“पहिल्या वेळी?”

“... नाही.”

“वाटलंच.” मग तिने झाकण लावलं, कपाट उघडलं, साड्या जरा सरकवल्या आणि डबा त्यांच्या मागे ठेवून दिला. पाहुण्यांना पेढे, वेफर्स आणि केक मिळाला. नानखटाई हा शब्द त्या दिवशी निघाला नाही.

आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी ती स्वतः दादरला आली. माझा डबा परत द्यायला. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून आधी वरच्या आजींसाठी पेढे द्यायचं तिच्या मनात होतं. ब्रिटनमध्ये आपल्या इकडून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, बिस्किटं चालतात, हे मी फोनवर सांगितल्यावर तिने तिथल्या सरकारबद्दल दोन शब्द काढले होते. आता डबा उघडला तर आत तिरफळं. गच्च भरलेली, आणि एकातही बी नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललेलं असताना तिने ती किती दिवस निवडली असतील, मी विचारलं नाही.

“तुझ्या त्या आजीला करून दे, ३१ला,” ती म्हणाली. “ती बांगडा खाते का?”

खातात. स्कॉटलंडच्या समुद्रात बांगड्याचा चुलतभाऊ ढीगाने मिळतो, आजी तो धुरी दिलेला आणतात आणि टोस्टवर खातात.

“धुरी दिलेला,” मावशीने मनाशी चव घेतल्यासारखं केलं. “मग कळेल तिला.”