काखेतल्या गळवाला चिरा दिला, माझा अनुभव

काखेत गळू झालं की हात खाली सोडवत नाही, वर करवत नाही, कुशीवर वळणं तर विसराच. गोळ्या चालू होत्या तरी गाठ वाढतच गेली, मग ठणका आणि थंडी वाजून ताप, म्हणून रात्रीच बहिणीला घेऊन सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत गेले. (केसपेपरला पैसे पडत नाहीत, आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.)

ड्युटीवरच्या मॅडमनी आधी ताप, बीपी बघितलं आणि बोटाला टोचून शुगर, कारण सारखी गळवं येतात त्यांच्यात कधीकधी न कळलेला डायबेटिस निघतो. माझी नॉर्मल होती. मग गाठ दाबून बघितली, मधे मऊ लागली. म्हणाल्या पू झालाय, त्याच्या आत रक्तच जात नाही तर गोळीचं औषध कुठून जाणार, चिरा द्यावा लागेल. मला हे कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं असं फार वाटलं.

भुलीचं इंजेक्शन झोंबतं. आणि पू झालेल्या जागी भूल नीट चढतही नाही, म्हणून त्यांनी गळवाच्या भोवतीनं गोल टोचलं आणि चक्क थांबल्या, घाई केली नाही. चिरा कळलासुद्धा नाही. पण नंतर आत चिमटा घालून पुवाचे कप्पे मोकळे करतात ना, तिथे मी बहिणीचा हात चांगलाच आवळला, तेव्हा दुखणं थांबवायचं इंजेक्शन आधीच मागून घ्या, लाजू नका. वास पण येतो. आणि पू निघाला तसा ठणका तिथल्या तिथे उतरला, खरंच, डोळ्यात पाणी आलं माझ्या.

पू कल्चरला (कोणता जंतू आहे ते बघायच्या तपासणीला) पाठवला, सलाईनने धुतलं, आत गॉझची पट्टी घालून टोक बाहेर ठेवलं. टाके नाहीत, वरून बंद केलं तर आत परत साठतं. धनुर्वाताचं इंजेक्शनही झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी ओढताना जास्त दुखतं, सिस्टरना सांगा आधी सलाईनने भिजवा, आणि वेदनेची गोळी घरूनच खाऊन जा. कल्चरमध्ये स्टॅफ नावाचा जंतू निघाला, त्याप्रमाणे अँटिबायोटिक बदललं. तो घरात पसरतो, त्यामुळे टॉवेल, रेझर वेगळं ठेवायचं.

सुईने घरी फोडायच्या भानगडीत मात्र पडू नका, काखेत मोठ्या रक्तवाहिन्या असतात. आणि गळू गुदद्वाराजवळ किंवा स्तनावर असेल तर कॅज्युअल्टीवाले सर्जनला बोलावतात, वेळ लागला तरी थांबा.