सबवूफर राहू द्या, आधी पुढचे दरवाजे नीट करा

गाडीत म्युझिक सिस्टीम बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, सब, म्हणजे फक्त खोल बेससाठीचा वेगळा स्पीकर (सबवूफर), कुठला घेतोयस? नाही घेत म्हटलं की समोरचा समजवायलाच लागतो, अरे सब नसेल तर बेस कुठून येणार, नुसता चिरका आवाज ऐकत बसशील. मी माझ्या छोट्या हॅचबॅकमध्ये सबशिवाय सिस्टीम बसवली आहे, कमी खर्चात आणि बरंचसं काम स्वतःच्या हाताने, डिकी पूर्ण मोकळी आहे, आणि रोज ऐकतो त्यावरून ठाम सांगतो की बहुतेक गाड्यांत बेस कमी वाटतो तो सब नाही म्हणून नव्हे, तर पुढचे दरवाजे पोकळ आणि भोकाभोकांचे असतात म्हणून.

हे जरा सविस्तर सांगतो कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. स्पीकरचा कोन, म्हणजे पुढेमागे हलून आवाज काढणारा पडदा, पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते, म्हणजे पुढून निघणारा आवाज आणि मागून निघणारा आवाज बरोबर उलटे असतात आणि दोन्ही एकमेकांत मिसळले की बेस संपला, एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या सुरांना हा त्रास फारसा होत नाही कारण त्यांच्या लहरी छोट्या, पण १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांची, लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, ती वळसा घालून आरामात पुढे येते. घरातल्या स्पीकरला बंद डबा असतो तो याचसाठी. गाडीत तो डबा म्हणजे दरवाजा, आणि कंपनीतून आलेल्या दरवाज्याचं आतलं पॅनल उघडून बघा, काचेची आणि लॉकची मशिनरी बसवायला ठेवलेली हातभर जाईल अशी भोकं असतात आणि त्यावर पातळ प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट पट्टीने लावलेला असतो. तो कागद पाणी अडवतो, आवाज अडवत नाही. असल्या दरवाज्यात महागडा स्पीकर टाकला तरी फरक फक्त वरच्या आवाजात पडतो, खालचा भाग आधीइतकाच पोकळ राहतो, मग माणूस वैतागून सब घेतो.

आता सब नसताना नक्की काय मिळतं आणि काय नाही हे स्पष्ट माहीत असावं. किक ड्रमचा ठोका साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्ये असतो, पुरुषाचा आवाज साधारण ८५ च्या आसपास सुरू होतो. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, पण तिचा आवाज आपल्या कानाला ओळखू येतो तो बराचसा ८२, १२३ अशा वरच्या पटींमुळे. ६.५ इंची चांगला स्पीकर नीट बंद केलेल्या दरवाज्यात ६० हर्ट्झपर्यंत समाधानकारक वाजतो, आणि गाडीची केबिन लहान आणि बंद असल्यामुळे खालच्या आवाजाला तिची आपोआप मदत मिळते, त्याला केबिन गेन म्हणतात. म्हणजे तबला, ढोलकी, ड्रम, बेस गिटार, गाणाऱ्याचा घसा हे सगळं भरीव येतं. ३० ते ५० हर्ट्झचा तो छातीत जाणवणारा थरार मात्र येणार नाही. ईडीएम, हिप हॉप हेच मुख्यतः ऐकत असाल तर सब घ्या, सीटखाली बसणारा छोटा घ्या, त्यात वाद नाही. गाणी ऐकायची असतील, शब्द आणि वाद्यं नीट कळायला हवी असतील, तर पैसा आधी दरवाज्यात घाला.

स्पीकर निवडताना खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले वॅट बघूच नका. २५०, ३०० वॅट हे पीक, म्हणजे क्षणभरापुरते, असतात, त्यातून काही कळत नाही. आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॅट, बघा आणि त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे सेन्सिटिव्हिटी, ठरावीक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते, बघा. कारण स्टिरिओवर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात प्रत्येक चॅनलला स्वच्छ आवाजात २० वॅटच्या आसपासच मिळतात, गाडीत मिळून मिळून १४.४ व्होल्ट मिळतात आणि त्यातून ४ ओहमच्या स्पीकरला गणितानेच २६ वॅटच्या पुढे साफ पॉवर निघत नाही. एवढ्याशा पॉवरवर चालवायचं तर स्पीकर कमी पॉवरमध्ये मोठा वाजणारा हवा, ९० डीबी (डेसिबल) किंवा वर असेल तर उत्तम, ३ डीबी जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर लागते. एक गोष्ट तपासा, आकडा १ वॅटला दिलाय की २.८३ व्होल्टला. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे तो आकडा ३ डीबीने फुगलेला दिसतो आणि दोन स्पीकरची तुलना चुकते.

कोएक्सियल (खालच्या सुरांचा वूफर आणि वरच्या सुरांचा ट्वीटर एकाच चौकटीत) की कंपोनंट (दोन्ही वेगळे), तर माझं मत पुढे कंपोनंट. वूफर दरवाज्यात खाली, पायाशी असतो, आणि ट्वीटर वेगळा मिळतो तो वर आरशामागच्या त्रिकोणात बसवता येतो. वरचे सूर एका दिशेने जातात, ट्वीटर पायाशी असेल तर त्याचा अर्धा आवाज गुडघ्यांना आणि सीटला आपटतो. ट्वीटर वर आला की गाणारा माणूस डॅशबोर्डवर समोर उभा राहिल्यासारखा वाटतो. बजेट फारच कमी असेल तर चांगले कोएक्सियल घ्या, त्यात काही कमीपणा नाही. मागचे स्पीकर मी बदललेच नाहीत, कंपनीचेच आहेत आणि फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरमधला आवाजाचा तोल, पुढे ओढून ठेवलाय. चार मध्यम स्पीकर घेण्यापेक्षा पुढचे दोन चांगले घ्या, आपण सगळे स्टेजकडे तोंड करून ऐकतो, पाठ करून नाही. आणि घ्यायच्या आधी काच पूर्ण खाली करून मागे किती खोली उरते ते मोजा, मॅग्नेट काचेला लागला तर स्पेसर रिंग टाकावी लागते.

आता दरवाजा. सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, दहा नंबरचा पाना बहुतेक गाड्यांना चालतो, आणि काही मिनिटं थांबा. पिवळे कपलर (वायर जोडणारे प्लग) दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही. पॅनलचे स्क्रू बहुतेक वेळा हँडलच्या मागे, आर्मरेस्टच्या खाचेत एका छोट्या झाकणाखाली लपलेले असतात, ते निघाले की खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पट्टी घालून एक एक क्लिप सोडवत वर यायचं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, पॅनलवर कायमचे वण पडतात. क्लिपा तुटतात, थोड्या जास्तीच्या आणून ठेवा.

माझा एक मित्र गाड्यांची वायरिंग करतो, तो म्हणाला, ‘अरे आधी बाहेरचा पत्रा आतून बोटाने ठोकून बघ, शीट किती लागेल ते पत्राच सांगेल.’ खरंच तसंच झालं. कोरा पत्रा टण्ण वाजतो, ब्यूटिलची डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारी चिकट रबरी शीट) लावली की धप्प असा मेलेला आवाज येतो, आणि तेवढं झालं की थांबायचं. पूर्ण पत्रा मढवायची गरज नसते, बाहेरच्या पत्र्याचा मधला सपाट भाग आणि स्पीकरच्या बरोबर मागचा भाग एवढं केलं तरी मोठा फरक पडतो, उगाच वजन आणि खर्च वाढवून काही मिळत नाही. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, धूळ आणि मेणचट थर राहिला तर शीट उन्हाळ्यात सुटून येते. आणि रोलरने दाबा, हाताने नाही. शीटवरच्या अॅल्युमिनियमला उठावाची नक्षी असते, ती रोलरखाली सपाट होईपर्यंत दाबायची, नक्षी दिसतेय तिथे शीट नीट चिकटलेली नाही असं समजायचं. दरवाज्याच्या तळाला पाणी जायला छोट्या फटी असतात, त्या मोकळ्याच ठेवायच्या नाहीतर पाणी साठून पत्रा सडेल.

मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं. हाच खरा बेस. नुसती शीट भोकावर ताणून लावली तर ती पडद्यासारखी हलते, म्हणून मी भोकाच्या आकाराचे पातळ अॅल्युमिनियमचे तुकडे कापले, कडेला धार राहू नये म्हणून घासले, आणि ते बसवून वरून शीट लावली. लॉकचे रॉड आणि काचेची मशिनरी मोकळी हलतेय ना हे प्रत्येक भोक बंद केल्यावर काच वरखाली करून आणि लॉक मारून बघायचं. स्पीकरच्या कडेने, तो पत्र्याला टेकतो तिथे फोमची रिंग, आणि स्पीकर आणि पॅनलची जाळी यांच्यामध्ये पण फोमची रिंग, नाहीतर निम्मा आवाज जाळीतून बाहेर यायच्या ऐवजी पॅनलच्या मागे शिरतो आणि पॅनल खडखडतं. एक दरवाजा झाल्यावर दुसरा उघडायच्या आधी बॅलन्स फिरवून दोन्ही ऐकून बघा, एका बाजूला ढोलकी अंगात येईल आणि दुसऱ्या बाजूला डब्यात वाजल्यासारखी वाटेल. माझे सगळे प्रश्न त्या एका ऐकण्यात मिटले.

वायर कापू नका. गाडीच्या मॉडेलप्रमाणे कपलर मिळतात, ते मध्ये लावले की कंपनीची वायरिंग शाबूत राहते आणि उद्या गाडी विकताना सगळं परत काढता येतं. बाहेरून विकत घेतलेल्या स्टिरिओच्या हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, बहुतेक वेळा पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, आणि त्याच रंगाची काळ्या रेषेची वायर निगेटिव्ह असते. पिवळीत कायम १२ व्होल्ट, लाल किल्ली फिरवल्यावर, काळी अर्थिंगची. गाडीच्या बाजूचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे, तिथे रंगावर विश्वास ठेवू नका, १.५ व्होल्टचा साधा सेल घ्या आणि स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर पॉझिटिव्ह. एक स्पीकर जरी उलटा जोडला गेला तर डावा उजवा मिळून बेस गायब होतो, आणि मग लोक स्पीकरला नावं ठेवतात.

सेटिंगमध्ये एकच गोष्ट केलीत तरी ही करा, हाय पास फिल्टर (ठरवलेल्या आकड्याखालचा आवाज अडवणारा) ८० हर्ट्झला लावा, दरवाजा चांगला बंद झाला असेल तर ६० ला. लोकांना हे उलटं वाटतं, आधीच सब नाही आणि त्यात बेस कापायचा? पण तेवढ्याच आवाजासाठी एक सप्तक खाली, म्हणजे निम्म्या हर्ट्झवर, गेलं की कोनला चौपट हलावं लागतं, म्हणजे जो ३० - ४० हर्ट्झ हा स्पीकर नीट देऊच शकत नाही त्याच्यासाठी तो धापा टाकत असतो आणि त्या नादात गाणाऱ्याचा आवाज पण फाटतो. तो भार काढला की व्हॉल्यूम आणखी चढवता येतो आणि ७० च्या वरचा बेस घट्ट ऐकू येतो. बेस बूस्ट आणि लाउडनेस मोठ्या आवाजात बंद. ६ डीबी बेस वाढवणं म्हणजे तिथे चौपट पॉवर मागणं, आणि स्टिरिओकडे मुळात २० वॅट. इक्वलायझरमध्ये वाढवण्यापेक्षा कमी करा, आवाज कोंदट वाटत असेल तर २०० हर्ट्झच्या आसपास २ - ३ डीबी खाली आणून बघा. टाइम अलाइनमेंट असेल तर जरूर वापरा, आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर जातो, ड्रायव्हरच्या बाजूचा स्पीकर जितका जवळ आहे तेवढा त्याला उशीर द्यायचा, गाणं दारातून उठून समोर मध्ये येतं. फोनचं स्वतःचं इक्वलायझर बंद ठेवा आणि गाणी वाजवायच्या अॅपमध्ये क्वालिटी सगळ्यात वरची करा, चारदा फॉरवर्ड होऊन आलेली फाइल कुठल्याच स्पीकरवर चांगली वाजणार नाही.

अॅम्प्लिफायर घ्यायचा का, तर लगेच नको. आधी काही आठवडे असंच ऐका. हायवेला काचा बंद ठेवून मोठ्या आवाजात गाणं फाटायला लागतं असं वाटलं तरच चार चॅनलचा छोटा क्लास डी अॅम्प घ्या, ५० वॅट आरएमएसचा पुरतो. २० वरून ५० वॅट म्हणजे जेमतेम ४ डीबी, त्यामुळे आवाज दुप्पट होईल अशी अपेक्षा नको, पण मोठ्या ठोक्याला दम कमी पडत नाही. पॉवरची वायर सरळ बॅटरीवरून, ८ गेज जाडीची, शुद्ध तांब्याची, आणि फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत. हा फ्यूज वायर वाचवायला असतो, वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून, तो टाळायचा नाहीच. अर्थिंगची वायर जवळच्या पत्र्याला, रंग खरवडून. आणि आरसीए केबल (स्टिरिओतून अॅम्पपर्यंत आवाज नेणारी) गाडीच्या एका कडेने तर पॉवरची दुसऱ्या कडेने न्या, नाहीतर अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून अल्टरनेटरची शिट्टी ऐकू येते.