हिशोबाला एक्सेल पुरतं, पण कुठपर्यंत?

धंदा नवीन असला की हिशोब एक्सेलमध्येच सुरू होतो आणि त्यात काही वावगं नाही. तारीख, तपशील, आले, गेले, शिल्लक, झालं काम. मी रोज हिशोबाचंच काम करते, एक्सेल आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअर दोन्ही वापरते, एक्सेल तर मला मनापासून आवडतं, तरी झालेल्या व्यवहारांची नोंद त्यात ठेवू नये असं माझं ठाम मत झालंय.

कारण शीटमधली चूक दिसतच नाही. समजा वरच्या एका सेलमध्ये २ ते ४० ओळींची बेरीज आहे आणि कोणी ४१व्या ओळीत नवीन बिल टाकलं, टोटल तशीच राहते आणि ते सहज लक्षातही येत नाही. दुसरीकडून कॉपी केलेला आकडा कधीकधी टेक्स्ट म्हणून येतो, दिसतो आकड्यासारखाच, पण बेरजेचा (SUM) फॉर्म्युला त्याला मोजत नाही. आणि एक्सेल आकड्याचे १५च अंक धरतं, त्यामुळे १६ अंकी कार्ड नंबर साध्या सेलमध्ये टाकला की शेवटच्या अंकाचा शून्य होतो!! २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६ हजार पॉझिटिव्ह केसेस वेळेवर पुढे गेल्याच नाहीत, कारण जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. एवढ्या मोठ्या यंत्रणेचं हे होतं तर आपल्या फाइलकडे कोण बघणार.

यात एक्सेलचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हे सुरुवातीचं स्प्रेडशीट सॉफ्टवेअर आणलं, त्याची गंमतच ही होती की एक आकडा बदला आणि बाकी सगळं आपोआप बदलेल. भाडं वाढलं तर काय, विक्री निम्म्यावर आली तर काय, असल्या विचाराला याच्याइतकं चांगलं काही नाही, माझं बजेट आजही शीटमध्येच असतं. पण झालेला व्यवहार असा सहज बदलता येता कामा नये ना!

अकाउंटिंग सॉफ्टवेअर इथे कामाला येतं. प्रत्येक एंट्रीला जमा (क्रेडिट) आणि नावे (डेबिट) अशा दोन बाजू, त्या जुळल्या नाहीत तर एंट्री सेव्हच होत नाही. पद्धत जुनीच आहे, इटलीतल्या लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ मध्ये ती छापून मांडली आणि व्हेनिसचे व्यापारी त्याच्याही आधीपासून वापरत होते. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये मागचा महिना लॉक करता येतो, कोणी कधी काय बदललं तेही राहतं.

बँकेशी ताळा करणं तर फारच सोपं होतं. समजा आपल्याकडे ५४० च्या जागी ४५० पडलेत, बँकेच्या आकड्याशी फरक येतो ९०. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की आधी उलटे पडलेले अंक शोधायचे, हाताने वह्या लिहिणाऱ्यांची ही युक्ती आजही चालते. अर्थात सॉफ्टवेअर सगळंच पकडत नाही, प्रवासखर्च चुकून दुरुस्तीच्या खात्यात टाकला तरी दोन्ही बाजू जुळतातच, तिथे डोळ्याखालून घालावंच लागतं.

मग बदलायचं कधी? उधारी सुरू झाली किंवा फाइलला दुसऱ्या माणसाचा हात लागायला लागला की लगेच, उलाढाल किती ते बघत बसू नका. शक्यतो आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवसापासून सुरू करा, फक्त ओपनिंग बॅलन्स, म्हणजे त्या दिवशीची सुरुवातीची शिल्लक, आणा, जुन्या सगळ्या एंट्र्या ओढत बसू नका. गिऱ्हाइकांकडून येणं असलेले पैसे मात्र एकरकमी टाकू नका, बिलवार टाका, नाहीतर कोणाचं कुठलं बिल राहिलंय ते कळणार नाही. आणि जुनी शीट डिलीट करू नका, रीड-ओन्ली करून ठेवा, जुन्या बिलावरून वाद निघाला की तीच उघडावी लागते.