सायनिंग डे, म्हणजे ऑफिसात कामाच्या नावाने बोंब

अ‍ॅन आर्बरमधे, म्हणजे मिशिगन युनिव्हर्सिटीच्या गावात राहायचं आणि आज कोणी काम करेल अशी अपेक्षा ठेवायची, कमालच आहे. आज सायनिंग डे, म्हणजे शाळेतली अमेरिकन फुटबॉल खेळणारी पोरं कुठल्या कॉलेजकडून खेळणार त्यावर सही करतात तो दिवस. सकाळपासून सगळे फोनमधे डोकं घालून. तिकडे सतरा-अठरा वर्षांची पोरं टेबलावर तीन-चार कॉलेजच्या टोप्या मांडून बसतात, एक उचलून डोक्यावर घालतात आणि इकडे आमचा पन्नाशीचा मॅनेजर एकतर नाचतो नाहीतर तोंड पाडून बसतो.

बरं, पोरगा नुसता 'येतो' म्हणाला तर काही खरं नसतं हं, सही होईपर्यंत सगळं हवेत. ब्राइस अंडरवूडचंच बघा ना, एक नंबरचा क्वार्टरबॅक (टीमचा बॉल फेकणारा मुख्य खेळाडू), घर इथून अर्ध्या तासावर बेलव्हिलला, पण शब्द दिलेला एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी), आणि २०२४ च्या नोव्हेंबरात पठ्ठ्या फिरला की मिशिगनकडे! पैशासाठी आला म्हणून लोक नाकं मुरडतात, पण २०२१ पासून एनआयएलचे, म्हणजे आपलं नाव-चेहरा जाहिरातीत वगैरे वापरू देण्याचे पैसे घ्यायला परवानगीच आहे, आणि लाखभर माणसांचं स्टेडियम भरतं ते या पोरांच्याच जिवावर ना? शिवाय कोच टिकणार का, पहिल्याच वर्षी खेळायला मिळेल का, आईला मॅचला येता येईल का, हेही बघतातच की.

मी आपलं सहज विचारलं, हा पोरगा मेजर कशात करणार, म्हणजे मुख्य विषय कुठला शिकणार? सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की विचारू नका 😂