टँकर कधी येणार?

गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला. मी दुसऱ्या चहावर होतो.

"दादा, टँकर कधी येणार?"

राँग नंबर म्हणून ठेवून दिला. आठ वीसला दुसरा. या वेळी एक काका, आवाजाला सोसायटीच्या चेअरमनची धार. "दहा हजार लिटरचे काय घेता? आणि पावती देता का?" तिसऱ्या फोनला मात्र मी विचारलंच, "ताई, हा नंबर तुम्हाला मिळाला कुठून?"

"अहो, गूगलवर तुमचीच तर जाहिरात आहे सगळ्यात वर. 'टँकरच्या पाण्याला कंटाळलात?' कंटाळलोय ना! पण आधी पाठवा तरी!"

ती ओळ माझीच. गेले दहा दिवस मी तिच्यावर बेहद्द खूश होतो.

मी ॲफिलिएट मार्केटिंग करतो. नातेवाइकांत हे समजावताना मी "एक प्रकारची दलालीच" म्हणतो, म्हणजे पुढचे प्रश्न थांबतात. माल दुसऱ्याचा, जाहिरात माझ्या खिशातून. कुणी माझ्या पानावरून कंपनीच्या फॉर्मपर्यंत गेलं, फॉर्म भरला आणि कंपनीने ती चौकशी खरी मानली, तर मला कमिशन. जाहिरातीवर कुणी बोट टेकवलं की गूगलचा मीटर मात्र लगेच पडतो. तो माणूस घेणारा आहे की चुकून आलाय, हे मीटर विचारत नाही. वर १८ टक्के जीएसटी.

त्या वेळी मी पाण्याच्या सॉफ्टनरचं, म्हणजे हार्ड (क्षारांचं) पाणी मऊ करणाऱ्या मशीनचं, काम धरलं होतं. एका खऱ्या चौकशीला ४५० रुपये. अटी नेहमीच्याच: कंपनीचं नाव शोधणाऱ्यांसमोर जाहिरात लावायला बोली लावायची नाही, घर स्वतःचं असलेलीच चौकशी चालेल, भाडेकरू नको. नुसतं मधलं पान टाकून लोकांना पुढे ढकललं तर गूगल जाहिरात नामंजूर करतं, म्हणून मी हार्ड पाण्यावर नीट अभ्यास करून पान लिहिलं होतं. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा, हेही त्यात होतं. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवरचा आकडा फारसा हलत नाही, हेसुद्धा. (विक्रेते घरी येऊन मीटर बुडवून दाखवतात तेव्हा मला फार गंमत वाटते.) खाली मोठ्या भाबडेपणाने लिहिलं होतं, "शंका असेल तर विचारा", आणि माझा नंबर.

दोन जाहिराती समोरासमोर लावल्या होत्या. ए होती सरळसोट: 'हार्ड वॉटर सॉफ्टनर, पुणे'. बी म्हणजे ती कंटाळ्याची. दोन्ही आळीपाळीने समान दिसाव्यात म्हणून रोटेशनचं सेटिंग बदललं होतं, नाहीतर गूगल आपल्या मताने एकीलाच पुढे काढतं. दहा दिवसांत ए १,२१० वेळा दिसली, ४७ क्लिक. बी १,१८० वेळा दिसली, १०४ क्लिक. सीटीआर, म्हणजे दिसण्याच्या मानाने क्लिक, शेकडा ३.९ विरुद्ध ८.८! आमच्या धंद्यात दुपटीहून जास्त म्हणजे पेढे वाटायची बातमी. त्यात जास्त लोक क्लिक करतील असा गूगलचा अंदाज झाला की जाहिरातीला गूगलने दिलेले गुण, म्हणजे क्वालिटी स्कोअर, सुधारतात, आणि जाहिरातीच्या जागेच्या लिलावात कमी बोलीवरही वरची जागा मिळू शकते. म्हणजे आपली ओळ चांगली असल्याची पावती साक्षात गूगलच देतं.

बुधवारी रात्री मी ए बंद केली. आणि हातासरशी, एवढी चाललीये तर चालू दे म्हणून, कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसते त्यांची, फ्रेज मॅच काढून ब्रॉड केली; म्हणजे तेच शब्द नव्हे, जवळपासचं काही शोधलं तरी जाहिरात दिसणार. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी नवख्या पोरांना स्वतः शिकवतो.

गुरुवारी शहराच्या बऱ्याच भागात पाणी बंद होतं. पुण्यात हे नवं नाही. दुरुस्तीची कामं निघतात, आदल्या दिवशी पेपरात सूचना येते आणि शेवटी ते पाठ झालेलं वाक्य असतं: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. मी ती सूचना वाचलीच नव्हती. मी राहतो नारायण पेठेत. खाली जुना हौद, वर टाकी, नळाला खडकवासल्याचं पाणी. एक दिवस पाणी नसलं तर आमच्या वाड्याला कळतही नाही.

पण ज्यांना कळतं, त्यांनी सकाळी उठून फोन हातात घेतला होता आणि टाइप केलं होतं, पाण्याचा टँकर. त्यांना पहिली दिसत होती माझी ओळ. घाईतल्या माणसाने त्यातला एकच शब्द वाचला.

साडेनऊपर्यंत बावीस फोन झाले होते. मी खातं उघडलं. दिवसाचं बजेट ६०० रुपये, खर्च ८७०. हे गूगलच्या नियमातच आहे. मागणी असेल त्या दिवशी ते रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतं आणि महिन्याच्या हिशोबात बसवून घेतं. मला ते माहीत होतं. माहीत असूनही मी पंधरा मिनिटं पडद्याकडे बघत बसलो, कारण क्लिकचा रेट बारा टक्क्यांवर गेला होता आणि तो बघायला छान वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

मग कंपनीच्या ॲफिलिएट मॅनेजरचा फोन. मुलगा एरवी फार गोड बोलतो.

"सर, तुमच्याकडून आज नऊ फॉर्म आलेत. एकाने नावाच्या रकान्यात 'टँकर अर्जंट' लिहिलंय. आमच्या मुली कॉल करतायत तर लोक त्यांच्यावर ओरडतायत, सकाळपासून तिसरा फोन, गाडी निघाली का म्हणून. एक मुलगी रडायला आलीये. बंद करा ना प्लीज."

बंद केलं तेव्हा ११ वाजायचे होते. ८२ क्लिक, १,१४० रुपये, एकही चौकशी मंजूर नाही.

जाहिरात बंद केली तरी फोन थांबले नाहीत. लोकांनी नंबर आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. मी नाइलाजाने ओळखीच्या एका वाहतूकदाराकडून दोन टँकरवाल्यांचे नंबर मिळवले आणि दुपारी दोनपर्यंत फुकट टँकर एजंट झालो. त्यातच वाघोलीच्या एक बाई. यांचा आवाज शांत होता. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण त्यांच्या बिल्डिंगला अजून बोअर आणि टँकर. टँकरचा नंबर दिल्यावर त्या फोन ठेवतील असं वाटलं, तर म्हणाल्या,

"दादा, पण तुमचं ते मशीन काय आहे? मी खालचं सगळं वाचलं."

सकाळपासून पान वाचणारी पहिली व्यक्ती! मी खुर्चीत सरळ झालो. कठीणपणा, रेझिन, मिठाचं पाणी, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ते सगळं राहू द्या. डाळ शिजेल का?"

"अं?"

"बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही हो. पाच शिट्ट्या दिल्या तरी टचटचीत. सोडा टाकला तर चव जाते. नवऱ्याला वाटतं मी डाळच हलकी आणते."

नंतर त्यांनी व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले. एकात निळी बादली, आतून पाण्याच्या पातळीपर्यंत पांढरा खरबरीत थर, कुणी चुना लावून सोडावा तसा, आणि त्यावर नखाने ओढलेली एक रेघ. दुसऱ्यात नळाची तोटी. तिच्या जाळीतल्या निम्म्या भोकांना खडे आलेले, त्यामुळे पाण्याच्या दोन धारा दोन दिशांना चाललेल्या. मी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. माझी स्वतःची बादली दहा वर्षांची आहे, आतून गुळगुळीत. हार्ड पाण्यावर बाराशे शब्दांचं पान लिहिणाऱ्या माणसाने हार्ड पाणी कधी वापरलंच नव्हतं.

बाई भाड्याने राहतात. म्हणजे कंपनीच्या लेखी त्यांची चौकशी बाद.

संध्याकाळी बसून आधी जुनाच हिशोब पुन्हा मांडला, जो दहा दिवसांपूर्वी मांडायला हवा होता. एका क्लिकला साधारण १४ रुपये. एच्या ४७ क्लिकला ६५८ रुपये, त्यातून चार चौकशा, १,८०० मिळाले. बीच्या १०४ क्लिकला १,४५६ रुपये, पाच चौकशा, २,२५०. जीएसटी सोडला तरी एने सुटले ११४२ आणि माझ्या लाडक्या बीने ७९४. ती हरतच होती. मी चुकीचा रकाना बघून टाळ्या वाजवत होतो. आणि खरं म्हणजे चार-पाच चौकशांवर कोण जिंकलं ठरवणं हाही येडेपणाच. आणखी दोन जणांनी त्या आठवड्यात फॉर्म भरला असता तर चित्र उलटं दिसलं असतं.

लोकांनी नेमकं काय शोधलं ते दाखवणारा सर्च टर्म्सचा अहवाल शुक्रवारी भरला. तोही पूर्ण नसतो, फार कमी लोकांनी वापरलेले शब्द गूगल दाखवत नाही. तरी पुरेसं होतं. टँकर वाघोली नंबर. टँकर दर. १० हजार लिटर टँकर. बहुतेक सगळं रोमन लिपीत, चार-चार स्पेलिंगनी. मधेच कपड्यांचं सॉफ्टनर. आणि एक नाशिकचा, कारण लोकेशनमध्ये 'या ठिकाणी असलेले किंवा या ठिकाणात रस दाखवलेले' हा मूळचा पर्याय मी तसाच ठेवला होता.

पहिला विचार असा की निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत, सरळ 'टँकर' घालावा आणि झोपावं. पण मग 'टँकरच्या पाण्याने केस गळतात' असं शोधणाराही गेला, आणि माझं गिऱ्हाईक तोच. म्हणून एकटा शब्द न घालता जोडीने घातले: टँकर नंबर, टँकर दर, टँकर सप्लायर, टँकर लिटर. निगेटिव्हला समानार्थी शब्द कळत नाहीत, एकवचन-अनेकवचन कळत नाही, मराठी-रोमन तर सोडाच. सगळं हाताने. भाजी निवडायला बसावं तसे दोन तास गेले.

मग नवीन ओळ. ती तर वाघोलीहून आयती आली होती: बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही? टाकली, तर डबा लाल. मथळ्याला ३० अक्षरांची मर्यादा आणि आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'पाण्यात' दिसायला तीन अक्षरं, मोजायला सात. पूर्ण ओळ भरली ३१. प्रश्नचिन्ह काढलं, बरोबर ३० झाली. इतका आनंद झाला की रात्री साडेदहाला त्या मॅनेजर पोराला मेसेज केला. 'बोअर' शब्दाने बोअर खणणारे येतील, म्हणून 'बोअरवेल रेट' आणि 'फूट' आधीच निगेटिव्हला घातले होते. एवढी अक्कल आली होती.

सकाळी त्याचं उत्तर आलं. "सर, डाळीचं लिहू नका. आपण किचनची लाइन सोडून बाथरूम आणि वॉशिंग मशीनला देतो. लोक उद्या डाळीसाठी घेतील आणि भांडतील."

त्याचं बरोबर होतं. इतकी चांगली ओळ पुसताना बोट अडखळलं, पण पुसली. फोटो पुन्हा उघडले आणि लिहिलं, 'बादलीला पांढरा थर बसतोय?' २४ झाली. वर्णनात तोटीतल्या खड्यांचा उल्लेख केला, आणि घर स्वतःचं हवं हेही स्पष्ट लिहिलं, म्हणजे जो घेऊ शकत नाही त्याने क्लिकच करू नये.

ए पुन्हा सुरू केली, तिच्यासमोर बादली. दोन्हींना फ्रेज मॅच. तीन आठवडे हात लावायचा नाही, असं कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं. रोज डोकावून जी पुढे दिसेल तिला त्या दिवशी विजेती ठरवायची खोड मला आहे, आणि ती कागदानेही पूर्ण गेली नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा कर्सर पॉझच्या बटणापर्यंत गेला होता.

तीन आठवड्यांनी: ए, ८८ क्लिक, सात चौकशा मंजूर. बादली, ७१ क्लिक, अकरा. सीटीआरमध्ये बादली मागे आहे. फरक अजून पैज लावण्याइतका नाही, म्हणून दोन्ही चालू ठेवल्या आहेत. मॅनेजरकडची बाद चौकशी मात्र आठवड्याला एखाददुसरी उरली आहे, आणि त्याची टीम माझं नाव आलं की हसते म्हणे.

पानावरचा नंबर काढला नाही. त्याच्या वर ठळक अक्षरांत एक ओळ घातली आहे, 'आम्ही टँकर पुरवत नाही'. तरी पाणी बंद असलं की चार-पाच फोन येतातच. त्या दोन टँकरवाल्यांचे नंबर मी पाठ करून टाकलेत. वाघोलीच्या ताईंचा त्या शुक्रवारी मेसेज आला होता: टँकर आला, रात्री साडेअकराला, धन्यवाद. खाली कुकरचा फोटो.